आमदार महेंद्र थोरवे यांचा राजकीय प्रवास : १,९०० मतांचा पराभव ते सलग दुसरा विजय

कर्जत : रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत विधानसभा मतदारसंघातून महेंद्र सदाशिव थोरवे हे शिवसेनेचे आमदार आहेत. २०१४ मध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर त्यांचा अवघ्या १,९०० मतांनी पराभव झाला. २०१९ मध्ये शिवसेनेकडून ते १८ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. २०२२ च्या बंडात ते एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले आणि २०२४ मध्ये अपक्ष सुधाकर घारे यांच्याशी झालेल्या अटीतटीच्या लढतीत ५,६९४ मतांनी पुन्हा आमदार झाले.

दहा वर्षांत तीन निवडणुका, त्यात दोन पक्ष आणि एका पक्षाची दोन शकले. थोरवे यांचा प्रवास समजून घ्यायचा तर कर्जत-खालापूरचा मतदार गेली पस्तीस वर्षे कसा वागला, हेही पाहावे लागते. इथे आमदार निवडून येतो, दुसऱ्यांदाही येतो. पण १९९० पासून सलग तिसऱ्यांदा कुणालाही संधी मिळालेली नाही.

थोडक्यात माहिती

- नाव : महेंद्र सदाशिव थोरवे
- मतदारसंघ : १८९, कर्जत (जि. रायगड)
- सध्याचा पक्ष : शिवसेना (एकनाथ शिंदे)
- यापूर्वी : शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार (२०१४)
- विधानसभेत विजय : २०१९ आणि २०२४
- लोकसभा मतदारसंघ : मावळ

आधी एक खुलासा : कर्जत दोन आहेत

निकालाच्या दिवशी दरवेळी एक गोंधळ होतो. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक रायगडमधला, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यातला. आमदार रोहित पवार यांचा 'कर्जत-जामखेड' मतदारसंघ अहिल्यानगरमधला आहे. त्याचा क्रमांक २२७ आणि रायगडच्या कर्जतचा १८९. मोबाईलवर फिरणाऱ्या आकड्यांत या दोघांची सरमिसळ हमखास होते, म्हणून आकडा पाहताना मतदारसंघाचा क्रमांक पाहिलेला बरा.

मतदारसंघ कुठून कुठपर्यंत?

२००८ च्या पुनर्रचनेआधी या भागाचा मतदारसंघ 'खालापूर' या नावाने ओळखला जायचा आणि तो कुलाबा लोकसभा मतदारसंघात होता. पुनर्रचनेनंतर नाव 'कर्जत' झाले आणि मतदारसंघ नव्याने तयार झालेल्या मावळ लोकसभेला जोडला गेला. त्यामुळे एक विचित्र स्थिती तयार झाली. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग, पण खासदार निवडायचा तो घाटावरच्या पिंपरी-चिंचवड आणि मावळसोबत. रायगडमधले पनवेल, कर्जत आणि उरण हे तीन विधानसभा मतदारसंघ मावळमध्ये आहेत. पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाड हे चार रायगड लोकसभेत आहेत.

कर्जत तालुका आणि खोपोली शहरासह खालापूर तालुक्याचा मोठा भाग या मतदारसंघात येतो. मात्र खालापूर तालुका अख्खा नाही. चौक परिसर उरण विधानसभेत गेला आहे. म्हणजे तहसीलदार कार्यालय एक, पण आमदार दोन. दाखल्यासाठी किंवा रस्त्याच्या कामासाठी धावपळ करणाऱ्या माणसाला हे माहीत नसले, तर तो चुकीच्या दारात ताटकळत बसतो.

या मतदारसंघात तीन वेगवेगळी जगे आहेत. पहिले रेल्वेचे. नेरळ, भिवपुरी, कर्जत आणि खोपोली इथून रोज पहाटे लोकल पकडून मुंबईला जाणारा नोकरदार. दुसरे कारखान्यांचे आणि महामार्गाचे. खोपोली-खालापूर पट्ट्यातला कामगार, गाळेवाला, वाहतूकदार. तिसरे भातशेतीचे आणि वाड्यांचे. कशेळे, कडाव, कळंब, पाथरज, खांडस या भागातला शेतकरी आणि डोंगराच्या कुशीतल्या ठाकूर-कातकरी वाड्या. त्यात माथेरानसारखे, मोटारींना बंदी असलेले थंड हवेचे ठिकाणही आहे. कर्जत आणि खोपोलीला नगरपरिषद, माथेरानला गिरिस्थान नगरपरिषद, खालापूरला नगरपंचायत. नेरळ मात्र वाढत वाढत शहराएवढे झाले, तरी कारभार ग्रामपंचायतीचाच राहिला.

ही तिन्ही जगे एका आमदाराला सांभाळावी लागतात. एका भागात मिळवलेली आघाडी दुसऱ्या भागात उतरायला वेळ लागत नाही.

थोरवेंच्या आधी : साटम आणि लाड

१९९० मध्ये शिवसेनेचे देवेंद्र साटम खालापूरमधून विधानसभेवर गेले. काँग्रेस आणि शेतकरी कामगार पक्ष यांच्यात विभागलेल्या या पट्ट्यात धनुष्यबाण रुजला, याची ती खूण होती. १९९५ मध्ये, राज्यात युतीची पहिली सत्ता आली त्या निवडणुकीतही साटम निवडून आले.

१९९९ मध्ये मात्र चित्र पालटले. त्याच वर्षी जूनमध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रवादी काँग्रेसचे सुरेश लाड आमदार झाले. २००४ मध्ये साटम यांनी जागा परत मिळवली. २००९ मध्ये, 'कर्जत' या नव्या नावाने झालेल्या पहिल्याच निवडणुकीत लाड पुन्हा आले आणि २०१४ मध्येही टिकले. साटम यांच्या तीन टर्म, लाड यांच्याही तीन.

१९९० ते २०२४ या काळात आठ विधानसभा निवडणुका झाल्या आणि निवडून आलेली माणसे फक्त तीन : साटम, लाड आणि थोरवे. चिन्हेही दोनच, धनुष्यबाण आणि घड्याळ. या मतदारसंघाने आजवर भाजपला आमदारकी दिलेली नाही. शेकाप २०१४ मध्ये दारापर्यंत आला आणि तिथूनच परतला. त्या दारात उभे असलेले उमेदवार होते थोरवे.

२०१४ : १,९०० मतांनी हुकलेली आमदारकी

२०१४ ची विधानसभा निवडणूक राज्यभर वेगळी ठरली. २५ सप्टेंबरला शिवसेना-भाजपची पंचवीस वर्षांची युती तुटली. त्याच दिवशी काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही मोडली. सगळे पक्ष स्वतंत्र लढले. कर्जतमध्ये विद्यमान आमदार सुरेश लाड यांच्यासमोर शेकापने महेंद्र थोरवे यांना उभे केले.

रायगड हा शेकापचा जुना बालेकिल्ला. अलिबाग, पेण, उरण, पनवेल या पट्ट्यात लाल बावट्याची पिढ्यान् पिढ्यांची मते आहेत. कर्जतमध्ये मात्र पक्षाची ताकद त्या मानाने मर्यादित होती. तरीही १९ ऑक्टोबरला मतमोजणी सुरू झाली तशी लढत लाड विरुद्ध थोरवे अशीच होत गेली. शेवटी लाड यांना ५७,०१३ आणि थोरवे यांना ५५,११३ मते मिळाली.

फरक १,९००. म्हणजे ९५१ मतदारांनी दुसरे बटण दाबले असते, तरी निकाल फिरला असता. एवढ्या मतांसाठी दोन-तीन मोठी गावेही लागत नाहीत. पराभव झाला, पण पक्षाच्या चिन्हापलीकडे स्वतःची माणसे असलेला उमेदवार, अशी थोरवे यांची ओळख या निवडणुकीने पक्की केली.

२०१९ : लाल बावट्याकडून धनुष्यबाणाकडे

त्यानंतरच्या काळात थोरवे शिवसेनेत आले. २०१९ मध्ये शिवसेना-भाजप पुन्हा एकत्र लढले आणि जागावाटपात कर्जत शिवसेनेकडे आले. उमेदवारी थोरवे यांना मिळाली. समोर पुन्हा सुरेश लाड.

वातावरण आधीच तापलेले होते. त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये मावळ लोकसभेत शिवसेनेचे श्रीरंग बारणे यांनी अजित पवार यांचे पुत्र पार्थ पवार यांचा २ लाख १५ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला होता. ऑक्टोबरच्या विधानसभेत थोरवे यांना १,०२,२०८ आणि लाड यांना ८४,१६२ मते पडली. १८,०४६ मतांनी थोरवे पहिल्यांदा आमदार झाले.

पाच वर्षांत थोरवे यांची मते ४७ हजारांनी वाढली. हे श्रेय एकट्या उमेदवाराचे नाही. २०१४ मध्ये विखुरलेली शिवसेना आणि भाजपची मते २०१९ मध्ये एका चिन्हाखाली आली आणि त्यात थोरवे यांचा स्वतःचा गोतावळा मिळाला. लाड यांचीही मते २७ हजारांनी वाढली होती, हे विसरून चालणार नाही. बहुरंगी लढत सरळ झाली की दोन्हीकडची मते फुगतात.

सत्ता आपली, पालकमंत्री दुसऱ्यांचे

निकालानंतर महिनाभरात राज्यातले समीकरण उलटेपालटे झाले. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांची महाविकास आघाडी सत्तेवर आली. मुंबईत हे समीकरण जुळले, पण रायगडमध्ये ते सुरुवातीपासून टोचत राहिले.

कारण साधे होते. जिल्ह्यात शिवसेनेचे तीन आमदार : महाडचे भरत गोगावले, अलिबागचे महेंद्र दळवी आणि कर्जतचे थोरवे. राष्ट्रवादीच्या आमदार एकच, श्रीवर्धनच्या अदिती तटकरे. मंत्रिपद आणि रायगडचे पालकमंत्रिपद मात्र तटकरे यांना मिळाले. ज्या राष्ट्रवादीला हरवून थोरवे आमदार झाले, त्याच पक्षाच्या पालकमंत्र्यांकडे जिल्ह्याच्या निधीच्या चाव्या गेल्या.

पालकमंत्री हे पद नुसते झेंडावंदनापुरते नसते. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे असते. कोणत्या तालुक्याला किती, कोणत्या रस्त्याला आधी, हे तिथे ठरते. निधीवाटपात डावलले जाते, अशी तक्रार तिन्ही शिवसेना आमदारांनी उघडपणे केली आणि पालकमंत्री बदलण्याची मागणी लावून धरली. मागणी मान्य झाली नाही, नाराजी मात्र साठत गेली.

जून २०२२ : तिन्ही आमदार गुवाहाटीला

२० जून २०२२ रोजी विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतला गेले. पुढे मुक्काम गुवाहाटीला हलला. रायगडचे गोगावले, दळवी आणि थोरवे हे तिघेही शिंदे यांच्यासोबत होते. जिल्ह्यातली शिवसेनेची सगळी विधानसभा ताकद एका झटक्यात एका बाजूला गेली. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले आणि ४ जुलैला १६४ विरुद्ध ९९ मतांनी त्यांनी बहुमत सिद्ध केले.

कर्जत-खालापूरमध्ये याचे पडसाद घराघरात उमटले. शिवसेनेचा कार्यकर्ता हा शाखेभोवती वाढलेला. आमदार गेले म्हणून आपणही जायचे, की 'मातोश्री'सोबत राहायचे, असा पेच गावोगावी उभा राहिला. कर्जत-खालापूरमधली संघटना दुभंगली आणि ही फूट २०२४ च्या मतपेटीतही दिसली.

कायद्याची लढाई पुढे दीड वर्ष चालली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटाला दिले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय योग्य नव्हता, असे म्हटले. मात्र ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा दिल्याने जुने सरकार परत आणता येणार नाही, असेही स्पष्ट केले. आमदारांच्या अपात्रतेचा प्रश्न विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी निकाल दिला आणि शिंदे गटातल्या एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. थोरवे यांची आमदारकी अबाधित राहिली.

ज्यांच्यापासून दूर गेले, तेच शेजारी

बंडाचे एक कारण राष्ट्रवादीसोबतची आघाडी हे सांगितले गेले होते. पण २ जुलै २०२३ रोजी अजित पवार सहकाऱ्यांसह शिंदे सरकारमध्ये सामील झाले. त्याच दिवशी शपथ घेणाऱ्यांत अदिती तटकरेही होत्या. म्हणजे वर्षभरात तटकरे आणि रायगडचे शिवसेना आमदार पुन्हा एकाच मांडवाखाली आले. वरच्या पातळीवर महायुती, खालच्या पातळीवर जुनेच वैर. हीच स्थिती पुढच्या सगळ्या निवडणुकांत राहिली.

थोरवे यांचा स्वभाव मनातले बोलून टाकण्याचा, आणि त्याची राज्यभर चर्चा झाली ती १ मार्च २०२४ रोजी. विधिमंडळाचे अधिवेशन सुरू असताना लॉबीत थोरवे आणि त्यांच्याच पक्षाचे मंत्री दादा भुसे यांच्यात खडाजंगी झाली. मंत्री शंभूराज देसाई यांनी मध्यस्थी केली. मतदारसंघातले काम सांगूनही होत नाही, अशी तक्रार थोरवे यांनी माध्यमांसमोर मांडली. विरोधकांनी धक्काबुक्कीचा आरोप केला, तर सत्ताधारी बाजूने ती फक्त शाब्दिक बाचाबाची असल्याचे सांगितले. आपल्या कामासाठी स्वपक्षाच्या मंत्र्याशीही भिडणारा आमदार, असे समर्थक म्हणाले. सत्तेत असूनही काम होत नसेल तर सत्तेचा उपयोग काय, असा सवाल विरोधकांनी केला.

लोकसभेची धोक्याची घंटा

मे २०२४ च्या लोकसभेत श्रीरंग बारणे यांनी ठाकरे गटाचे संजोग वाघेरे यांचा ९६,६१५ मतांनी पराभव केला. ती आघाडी प्रामुख्याने घाटावरची होती. घाटाखाली कर्जत आणि उरण विधानसभा क्षेत्रांत वाघेरे पुढे राहिले. आमदार शिंदेंचा असूनही मतदारसंघाने मशालीला जास्त मते दिली. मित्रपक्ष राष्ट्रवादीने मनापासून काम केले नाही, असा आरोप शिवसेनेकडून झाला. विधानसभेला जेमतेम पाच-सहा महिने उरले होते.

२०२४ : मित्रपक्षातूनच उभा राहिलेला प्रतिस्पर्धी

महायुतीत कर्जतची जागा शिवसेनेला आणि उमेदवारी थोरवे यांना मिळाली. महाविकास आघाडीकडून ठाकरे गटाचे नितीन सावंत. पण खरी लढत वेगळीच ठरली. अजित पवार गटाचे स्थानिक नेते आणि रायगड जिल्हा परिषदेचे माजी उपाध्यक्ष सुधाकर घारे यांनी पक्षाबाहेर पडून अपक्ष अर्ज भरला. घारे यांच्यामागे खासदार सुनील तटकरे यांचेच बळ आहे, असा आरोप थोरवे यांनी जाहीर सभांतून केला.

२३ नोव्हेंबरला राज्यात महायुतीने एकतर्फी बाजी मारली. कर्जतमध्ये मात्र फेरीगणिक काळजाचा ठोका चुकत होता. थोरवे ९४,८७१, घारे ८९,१७७. सावंत तिसऱ्या क्रमांकावर राहिले आणि त्यांनीही पन्नास हजारांच्या आसपास मते घेतली. थोरवे यांचा विजय ५,६९४ मतांचा.

त्या निवडणुकीत रायगडमधले सातही विद्यमान आमदार पुन्हा निवडून आले. पनवेलचे प्रशांत ठाकूर, उरणचे महेश बालदी, पेणचे रवींद्र पाटील, अलिबागचे दळवी, श्रीवर्धनच्या तटकरे, महाडचे गोगावले आणि कर्जतचे थोरवे.

निकाल एका नजरेत

- २०१४ : सुरेश लाड (राष्ट्रवादी) ५७,०१३, महेंद्र थोरवे (शेकाप) ५५,११३, फरक १,९००
- २०१९ : महेंद्र थोरवे (शिवसेना) १,०२,२०८, सुरेश लाड (राष्ट्रवादी) ८४,१६२, फरक १८,०४६
- २०२४ : महेंद्र थोरवे (शिवसेना) ९४,८७१, सुधाकर घारे (अपक्ष) ८९,१७७, फरक ५,६९४

या आकड्यांतून तीन गोष्टी दिसतात. पहिली, २०१९ च्या तुलनेत थोरवे यांची ७,३३७ मते कमी झाली. दुसरी, कोणत्याही पक्षाचे चिन्ह नसताना घारे यांनी २०१९ मधल्या लाड यांच्यापेक्षा ५,०१५ मते जास्त घेतली. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, घारे आणि सावंत यांच्या मतांची बेरीज थोरवे यांच्या मतांपेक्षा बरीच मोठी आहे. विरोधी मते दोन ठिकाणी गेली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न कर्जतच्या नाक्यावर अजूनही रंगतो. अर्थात सावंत यांची सगळी मते घारे यांनाच गेली असती, असे धरून चालणेही चूक. मशालीला मत देणाऱ्या अनेकांना घड्याळाचे वावडे आहे.

दरम्यान, एकेकाळचे प्रतिस्पर्धी सुरेश लाड राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेले. त्यामुळे दोनदा एकमेकांविरुद्ध लढलेले लाड आणि थोरवे आज एकाच महायुतीत आहेत.

मंत्रिपद नाही, पालकमंत्रिपदाचा वाद कायम

डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात रायगडच्या शिवसेनेतून भरत गोगावले यांना संधी मिळाली. १८ जानेवारी २०२५ रोजी पालकमंत्र्यांची यादी आली, त्यात रायगड पुन्हा अदिती तटकरे यांच्याकडे. शिवसैनिकांनी जोरदार विरोध केला आणि दुसऱ्याच दिवशी या नियुक्तीला स्थगिती देण्यात आली. थोरवे या वादात गोगावले यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले आणि तटकरे यांच्यावरची टीका त्यांनी आणखी धारदार केली. २०२० मध्ये सुरू झालेला हा वाद सरकार बदलले, मुख्यमंत्री बदलले, तरी संपलेला नाही.

आमदाराच्या हातात काय, आणि काय नाही?

राजकारणाचा हा पट झाला. पण वाडीवरच्या माणसाला त्यातून काय मिळते? त्यासाठी कोणते काम कुणाकडे, हे माहीत असणे गरजेचे आहे.

आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये. त्यातून समाजमंदिर, गावातला रस्ता, संरक्षक भिंत, स्मशानभूमीची शेड अशी कामे सुचवता येतात. दोन तालुक्यांतल्या गावांना आणि वाड्यांना हा पैसा वाटला तर एकेका ठिकाणी फार थोडा पोहोचतो. मोठी कामे राज्याच्या अर्थसंकल्पातून, जिल्हा नियोजनातून किंवा विभागांच्या योजनांतून येतात. ती आणण्यासाठी मंत्रालयात वजन लागते. पालकमंत्रिपदावरून एवढी ओढाताण होते, ती याच कारणाने.

*वाड्यांचे रस्ते.* भीमाशंकरच्या उतारावरच्या आणि माथेरानच्या डोंगराखालच्या वाड्यांचा रस्ता अनेकदा वनजमिनीत अडतो. पावसाळ्यात आजारी माणसाला, बाळंतपणाच्या बाईला झोळी करून खाली आणावे लागते. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये यावर उपाय आहे. रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची टाकी अशा सुविधांसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे पहिला कागद आमदाराकडचा नाही, तर ग्रामसभेचा ठराव आहे. ठराव नसेल तर आमदाराचे पत्रही पुढे सरकत नाही.

*रेल्वे.* पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग हा केंद्र आणि राज्याचा मिळून प्रकल्प. सुमारे २९.६ किलोमीटरचा, २,७८२ कोटींचा आणि पनवेल, चिखले, मोहापे, चौक, कर्जत अशी पाच स्थानके. हा पाठपुरावा मुख्यतः खासदाराचा. पण स्थानकाबाहेरचा रस्ता, रिक्षातळ आणि वाढणाऱ्या वस्तीचे पाणी हे राज्याचे आणि नगरपरिषदेचे काम आहे, तिथे आमदाराला विचारायलाच हवे.

*माथेरान.* सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षाची चाचणी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचे आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचे आदेश दिले. निर्णय न्यायालयाचा, पण अंमलबजावणी राज्य सरकारची.

*दरडी.* १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी चौकजवळची, म्हणून विधानसभेच्या दृष्टीने उरणमध्ये. पण तशाच डोंगराखालच्या वाड्या कर्जत मतदारसंघातही आहेत. धोकादायक वाडीचे स्थलांतर, पर्यायी जागा आणि तिथे रोजगार हा विषय कोणत्याही निवडणुकीच्या घोषणेपेक्षा मोठा आहे.

*पाणी.* खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून चालू आहे. भिवपुरीतून वीज तयार करून सोडलेल्या पाण्यावर राजनाला कालव्याची उन्हाळी भातशेती उभी आहे. कालव्याची दुरुस्ती आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी, ही जलसंपदा विभागाकडची मागणी दरवर्षी होते. एकीकडे शेताला पाणी, दुसरीकडे डोंगरातल्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर, असे दोन्ही चित्र एकाच तालुक्यात दिसते.

पुढची कसोटी

थोरवे यांची दुसरी टर्म २०२९ पर्यंत आहे. साटम १९९५ नंतर १९९९ ला हरले. लाड २०१४ नंतर २०१९ ला हरले. दोघांनाही तिसरी टर्म मिळाली ती सलग नव्हे, तर मधल्या पराभवांसह. हा नियम नाही, नुसता इतिहास आहे; पण कर्जतमधला प्रत्येक कार्यकर्ता तो तोंडपाठ सांगतो.

थोरवे यांच्यापुढचे गणित सोपे नाही. विरोधात ठाकरे गट आहेच, पण २०२४ मध्ये खरे आव्हान महायुतीच्या घरातूनच उभे राहिले. ५,६९४ चा फरक म्हणजे २,८४८ मतदारांनी मन बदलले तर निकाल बदलतो. २०१४ मध्ये हेच गणित थोरवे यांच्या विरोधात गेले होते, २०२४ मध्ये ते त्यांच्या बाजूने लागले.

मतदारांच्या हातीही यातून एक गोष्ट येते. इथे फरक हजारांत आहे, लाखांत नाही. चार-पाच वाड्यांनी आणि दोन गावांनी मिळून रस्त्याचा, पाण्याचा, स्थलांतराचा एक कागद ग्रामसभेत मंजूर करून आमदारापुढे ठेवला, तर तो बाजूला सारणे कुठल्याच पक्षाच्या उमेदवाराला परवडणारे नाही.